घट्टपणाचा दाखला

मिठबावात कुठलाही आकडा पहिल्या फटक्यात मान्य होत नाही. ही गावाची खोड नाही, शिस्त आहे. एसटी साडेआठला येते असं कुणी सांगितलं, की पुढचा प्रश्न येतो, "कोणाच्या घड्याळात?" पाऊस किती झाला ते वर्तमानपत्र मिलिमीटरमध्ये छापतं; आम्ही विहिरीत डोकावून येतो आणि वर्तमानपत्र बरोबर होतं की नाही ते ठरवतो. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का दरवर्षी बसतो, तरी काट्यावर शून्य दिसल्याशिवाय गिऱ्हाईक पिशवी पुढे करत नाही. मासळीच्या बाबतीत तर आम्ही वजन ही भानगडच ठेवलेली नाही. तांबळडेगच्या किनाऱ्यावर वाटे पडतात, आणि वाटा मोठा की लहान हे विकणारी आणि घेणारी या दोघींच्या डोळ्यांत ठरतं. या व्यवहारात आवाज फार होतो, पण मागाहून तक्रार राहत नाही.

एका बाबतीत मात्र गाव भौतिकशास्त्राला पूर्ण शरण आहे. हापूस काढणीला आला की नाही याची शंका आली, तर आंबा पाण्याच्या बादलीत टाकतात. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. म्हणजे पाण्याहून घनता जास्त की कमी, हे आमच्याकडे शाळेत न गेलेला गडीसुद्धा सांगतो, आणि त्याला कुणी 'दाखला दाखव' म्हणत नाही.

रस्ता मात्र बादलीत टाकता येत नाही. तिथून आजची कथा सुरू होते.

माझा भाचा महामार्गाच्या कामावर क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. क्वालिटी कंट्रोल म्हणजे काय, हे त्यानं आपल्या आजीला तीन मे महिने समजावलं. शेवटी आजीनं सारांश काढला, "म्हणजे रस्तो घट्ट झालो काय नाय, तां बघणा." इतकी नेमकी व्याख्या त्याच्या पुस्तकात नाही.

रस्त्याचा घट्टपणा हे प्रकरण वरवर दिसतं त्यापेक्षा बरंच खोल आहे. माती किंवा मुरूम पसरून वरून रोलर फिरवला की लोकांना वाटतं, झालं. पण मातीच्या कणांमध्ये हवा उरते. ती तशीच राहिली तर पहिल्या पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं आणि रस्ता खाली बसतो. म्हणून कंत्राटात लिहिलेलं असतं, की भराव प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या निदान 95 टक्के दाबला पाहिजे, आणि डांबरी थरांच्या खालचा मातीचा थर 97 टक्के. ही कमाल घनता काढायची रीत लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यात मातीची धरणं बांधणाऱ्या रॅल्फ प्रॉक्टर नावाच्या अभियंत्यानं 1933 साली मांडली. माती साच्यात भरायची, ठरलेल्या वजनाचा ठोकळा ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या वेळा आपटायचा. आपल्याकडच्या जड प्रकारात तो ठोकळा 4.9 किलोचा असतो, पडतो 450 मिलिमीटरवरून, पाच थरांत प्रत्येकी 25 वेळा. पाणी कमी घातलं तर माती दबत नाही, जास्त घातलं तर पाणीच जागा अडवतं. मधे एक नेमका ओलावा असतो, तिथे माती सगळ्यात घट्ट बसते. प्रॉक्टरसाहेबांना हे 1933 साली उमगलं. घरासमोरचं खळं करताना माती किती भिजवायची हे आमच्याकडच्या बायकांना त्याच्या बऱ्याच आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांनी ते इंग्रजीत छापलं नाही.

भाच्यानं एका मे महिन्यात गावच्या रस्त्यावर वाळूची परीक्षा करून दाखवायचं ठरवलं. साइटवर याला 'एफडीडी घेणं' म्हणतात; एफडीडी म्हणजे फील्ड ड्राय डेन्सिटी, जागेवरची कोरडी घनता. ट्रेमधल्या गोल भोकातून रस्त्यात वीतभर खोल खड्डा खणायचा, निघालेली माती एक कणही न सांडता तोलायची, मग खड्ड्यात माहितीतली वाळू ओतायची. वाळू किती लागली त्यावरून खड्ड्याचं आकारमान, आणि त्यावरून मातीची घनता. पद्धत साधी, पण तिला एक पथ्य आहे. वाळू ओतताना जवळपास काही हादरता कामा नये. नाहीतर वाळू जास्त दबून बसते, खड्डा आहे त्याहून मोठा भासतो आणि चांगला रस्ता नापास होतो. त्यामुळे शास्त्रात असं ठरलं आहे, की रस्ता तपासताना रोलर थांबला पाहिजे. रोलरवाल्यांच्या चहाला मानकाचा आधार मिळतो तो असा.

तिथे जमलेल्या मंडळींचं पहिलं लक्ष वाळूकडे गेलं. समोर अख्खी किनारपट्टी असताना हा पोरगा पिशवीतून वाळू घेऊन येतो, हे कुणाच्या पचनी पडेना. ती वाळू धुतलेली, वाळवलेली आणि दोन चाळण्यांमधून एकाच जाडीची निवडलेली असते, किनाऱ्यावरची खारट आणि शिंपल्यांची चालत नाही, असं त्यानं सांगितलं. शेजारचे बागायतदार काका म्हणाले, "म्हणजे वाळूतय ग्रेडिंग?" मग त्यांना ते एकदम पटलं. आंब्याचं ग्रेडिंग ज्यांनी आयुष्यभर केलं, त्यांना वाळूचं समजायला वेळ लागत नाही.

खरी ठिणगी पडली ती पुढे. मातीत पाणी किती ते काढायला भाच्याकडे एक बंद धातूचं भांडं होतं, बुडाला घड्याळासारखी तबकडी. त्यात तोललेली माती घालायची, चमचाभर पावडर घालायची, झाकण घट्ट लावून हलवायचं. पावडर मातीतल्या पाण्याशी मिळते, वायू तयार होतो, दाब चढतो आणि तबकडीवर ओलाव्याचे टक्के दिसतात.

"ही पावडर कसली रे?" काकांनी विचारलं.

"कॅल्शियम कार्बाईड," भाचा निरागसपणे म्हणाला.

तिथे जी शांतता पसरली ती समुद्राला ऐकू आली असावी. देवगड तालुक्यात हा शब्द चारचौघांत उच्चारायचा नसतो. कार्बाईडनं आंबा पिकवायला कायद्यानं बंदी आहे, आणि देवगड हापूसला तर भौगोलिक मानांकन. अढीचे आंबे गवतात पिकवणाऱ्या माणसापुढे कार्बाईडचा डबा उघडणं हे धाडस महामार्गाच्या लोकांनाच जमावं.

"मेल्या, देवगडात येवन कार्बाईड काढलंस?" काका म्हणाले. "कोणी बघल्यान तर माझ्या पेटयेक गिऱ्हाईक उरात काय?"

भाच्यानं परोपरीनं सांगितलं, की हे आंब्यासाठी नाही, मातीसाठी आहे. काका म्हणाले, "आज मातीक, उद्या आंब्याक." डबा गाडीत गेला, ओलावा मोजायचा राहिला, आणि आमच्या रस्त्याची कोरडी घनता आजतागायत अज्ञात आहे.

संध्याकाळी भाचा वैतागून म्हणाला, "मामा, यापेक्षा न्यूक्लिअर गेज बरं. ना खड्डा, ना वाळू, ना कार्बाईड. एका मिनिटात आकडा."

मी म्हटलं, "त्यात काय असतं?"

"सीझियम."

मला हायसं वाटलं. सीझियमनं आंबा पिकत नाही.

ही पेटी त्यानं मला मोबाइलवर दाखवली. पिवळ्या रंगाची, तेरा-चौदा किलोंची, वर उभा दांडा. दांड्याच्या टोकाशी सीझियम-137 चा कण, साधारण 10 मिलिक्युरीचा, आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला बुडाशी गायगर नळ्या. जमिनीत एक उभं भोक पाडून दांडा खाली सोडायचा. सीझियममधून गॅमा किरण निघतात आणि माती ओलांडून नळ्यांकडे येऊ पाहतात. कुणकेश्वराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत एका टोकाला शंभर माणसं सोडावीत आणि दुसऱ्या टोकाला किती पोचली ती मोजावी, तसा हा प्रकार. गर्दी विरळ असेल तर बरीच पोचतात. दाट असेल तर निम्मी खाज्याच्या दुकानाशी अडतात. माती जितकी घट्ट, तितके कमी किरण पलीकडे पोचतात. म्हणजे पेटीचा आकडा उलटा वाचायचा. रस्त्याबद्दल पेटी जितकं कमी बोलेल तितका रस्ता चांगला. हा नियम पुढाऱ्यांना लावून पाहायला हरकत नाही.

पण किती कमी म्हणजे किती घट्ट? इथे कॅलिब्रेशन येतं, आणि माझ्या मते सगळ्या यंत्रात मिठबावी स्वभावाला मानवेल असा भाग हाच. पेटी कारखान्यात तयार होते तेव्हा तिला घनता म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. तिला फक्त मोजता येतं: मिनिटात इतके किरण आले. मग तिला माहितीतल्या घनतेच्या ठोकळ्यांवर बसवतात. एक ठोकळा मॅग्नेशियमचा, घनसेंटिमीटरला सुमारे पावणेदोन ग्रॅम. एक ॲल्युमिनियमचा, सुमारे 2.6. एक मधला, दोन्ही धातूंच्या पट्ट्या एकाआड एक रचून केलेला. आपला मुरूम, खडी, डांबर यांच्या घनता बहुतेक या टप्प्यात बसतात. दांडा पृष्ठभागावर, मग 5 सेंटिमीटर खाली, मग 10, असं करत 30 पर्यंत. प्रत्येक खोलीला प्रत्येक ठोकळ्यावर मोजणी. सात खोल्या, तीन ठोकळे, म्हणजे एकवीस वेळा तीच बैठक. त्यातून प्रत्येक खोलीसाठी एक वक्ररेषा निघते, आणि ती पेटीच्या डोक्यात भरली की पेटी किरणांच्या भाषेतून घनतेच्या भाषेत बोलू लागते.

ठोकळे धातूचे का, मातीचे का नाहीत, हे मी विचारलं. भाचा म्हणाला, माती सुकते, भिजते, बदलते. मला लगेच चिऱ्याचा ठोकळा सुचला होता. जांभा आमच्याकडे हवा तेवढा. कोकणातली अर्धी घरं त्याचीच. पण चिरा हा स्वभावानं सच्छिद्र. भारतीय मानकानं त्याला वजनाच्या 12 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा दिली आहे. जून ते सप्टेंबर तो एका वजनाचा, मे महिन्यात दुसऱ्या. आपण ज्याच्यावरून दुसऱ्याला मोजणार तोच असा पिणारा असेल, तर पंचाईत आहे.

ठोकळ्यांची घनता खरी कशावरून? ठोकळा तोलतात आणि मोजतात. तो काटा खरा कशावरून? त्याची वजनं दुसऱ्या अचूक वजनांशी ताडलेली. ती कशावरून? दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत भारताचा राष्ट्रीय किलोग्रॅम आहे, 57 क्रमांकाची प्रत. तो कशावरून? पॅरिसजवळ काचेच्या घुमटांखाली ठेवलेल्या धातूच्या मूळ किलोग्रॅमवरून. आणि तो? त्याच्या भावंडांशी ताडून पाहिलं तेव्हा शंभर वर्षांत त्यांच्यात 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला निघाला. जगाचा किलो हलका झाला की त्याच्या प्रती जड झाल्या, हे कुणालाच सांगता येईना, कारण किलो म्हणजे तोच. शेवटी 20 मे 2019 पासून किलोग्रॅम त्या धातूवरून उतरवून प्लांकच्या स्थिरांकावर बसवला. म्हणजे मिठबावच्या नाक्यावरून "काटा बरोबर आसा मां?" हा प्रश्न विचारत निघालेला माणूस, वाटेत न थांबता, पुंजभौतिकीत पोचतो. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटला. आमचं गाव संशयखोर नव्हे. ते मापनशास्त्राच्या परंपरेत आहे.

एवढं करूनही पेटी रोज सकाळी परीक्षा देते. प्लॅस्टिकचा एक ठरलेला ठोकळा तिच्याबरोबर येतो. कामाला लागण्यापूर्वी त्यावर बसवून चार मिनिटांची मोजणी घ्यायची आणि आधीच्या मोजण्यांशी ताडायची. सीझियमचा अर्धायुकाल 30 वर्षांचा, त्यामुळे त्याचा जोर वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास उतरतो. पेटी हे लपवत नाही. आज मी कालच्यापेक्षा थोडी म्हातारी आहे हे मान्य करून, त्या प्रमाणात आकडा दुरुस्त करून मगच रस्त्याबद्दल मत देते. अशी सवय माणसांत असती तर साहित्य संमेलनं अर्ध्या वेळात आटोपली असती.

30 वर्षांचा अर्धायुकाल ऐकून मला मुंबई-गोवा महामार्ग आठवला. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्या वर्षी एखाद्या पेटीत ताजं सीझियम भरलं असतं, तर 2026 पर्यंत त्यातलं तीस टक्के संपलं. रस्ता की सीझियम, कुणाचं आधी संपेल यावर पैज लावायला मी तयार आहे. आमच्या सिंधुदुर्गाचा भाग आधी झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. रायगडवाल्यांच्या दुःखावर आम्ही गणपतीला जाताना हसतो आणि येताना रडतो.

दुसरा गुण म्हणजे पेटी ठाम बोलत नाही. किरण लहरीनं निघतात. त्याच जागी, त्याच खोलीवर दोनदा मोजलं तरी आकडा तोच येत नाही. दहा हजार किरण मोजले तर शंभरेकांची चूक गृहीतच, म्हणजे एक टक्का. आणखी अचूक हवं असेल तर जास्त वेळ थांबा, असं ती म्हणते. हे ऐकून गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्या मते आयुष्यात भेटलेल्या ठाम माणसांपेक्षा ही पेटी जास्त शिकलेली आहे.

मात्र कोकणात आल्यावर या विदुषीचीही दमछाक होते. पेटीत सीझियमखेरीज अमेरिशियम-बेरिलियमचा दुसरा स्रोत असतो, ओलावा मोजायला. त्यातून वेगवान न्यूट्रॉन निघतात, हायड्रोजनला धडकून मंदावतात, आणि मंद झालेले किती परतले त्यावरून पेटी पाणी किती ते सांगते. पण तिला हायड्रोजन कळतो, पाणी कळत नाही. आमच्या तांबड्या मातीत लोहाची आणि चिकणमातीची अशी खनिजं आहेत ज्यांच्या पोटातच हायड्रोजन बांधलेला असतो. भट्टीत घातल्याशिवाय तो सुटत नाही. पेटी तो पाण्यातच जमा धरते आणि कोरड्या ठणठणीत मातीला ओली म्हणते. समुद्राच्या मिठानं भिजलेली माती असेल तर उलट: क्लोरीन न्यूट्रॉन गिळतो, आणि पेटी ओल्या मातीला कोरडी म्हणते. लोह फार असेल तर घनतेचा आकडाही सरकतो, विशेषतः दांडा वर ठेवून मोजलं तर. म्हणून नियम असा, की नव्या मातीवर पेटी आणली की आधी तिचे आकडे जुन्या रीतीशी ताडून दुरुस्ती ठरवायची.

"जुनी रीत म्हणजे?" मी विचारलं.

"खड्डा, वाळू," भाचा म्हणाला, आणि जरा थांबून, "आणि कार्बाईड. नाहीतर माती भट्टीत वाळवायची."

भट्टीचा पर्याय होता हे त्यानं काकांना आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ही पेटी आमच्या रस्त्यावर आलेली मी अजून पाहिलेली नाही. आली तर काय होईल ते मात्र मला स्वच्छ दिसतं. पेटीवर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह असतं, आणि ते चिन्ह आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ आहे. विजयदुर्गची खाडी ओलांडली की पलीकडे माडबन, जैतापूर. तिथे 1650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या येणार या बातमीनं अख्खी किनारपट्टी एका रात्रीत अणुशास्त्र शिकली. त्यामुळे संवाद असा होईल:

"त्येच्यात अणू आसा?"

"आहे."

"जैतापूरचो?"

"नाही हो, वेगळा."

"मगे ठीक आसा."

यानंतर काका पेटीवर हात ठेवून उभे राहतील, आणि हेच करायचं नसतं. या पेटीशी वागायची पहिली रीत म्हणजे लांब राहणं. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाई होतो. इतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही. चालवणाऱ्याच्या छातीवर टीएलडीचा बिल्ला असतो, त्याला किती मात्रा लागली ते त्यावरून ठराविक काळानं तपासतात. पेटी विकत घ्यायला, ठेवायला, हलवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे मंडळ 1983 साली स्थापन झालं, आणि त्याचा कागद इतका चोख असतो, की आपल्याकडे बरेच कंत्राटदार मुकाट्यानं वाळूचीच पिशवी उचलतात. पेटीला एकटं सोडायचं नाही हा आणखी एक कडक नियम. त्यामागे अणूपेक्षा साधं कारण आहे. ही पेटी रस्त्याच्या मधोमध जमिनीलगत बसते, आणि तिच्या नशिबी नेहमी येणारा अपघात म्हणजे मागे येणारा रोलर अंगावरून जाणं.

कडकपणा उगाच नाही. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातलं एक जुनं उपकरण भंगारात गेलं, त्यातला कोबाल्ट-60 उघडा पडला, आणि भंगाराच्या धंद्यातल्या एका माणसाचा त्यात जीव गेला. त्यावर विनोद होत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या प्रकरणावर मात्र होतो, कारण तिथे कुणाला इजा झाली नाही. जानेवारी 2023 मध्ये रिओ टिंटोच्या खाणीतलं, लोहखनिजाची घनता मोजणारं असंच एक गेज ट्रकमधून पर्थला निघालं. वाटेतल्या हादऱ्यांनी बोल्ट सुटला, आणि बोल्टच्या भोकातून सीझियमची कुपी रस्त्यावर पडली. कुपी 8 मिलिमीटर लांब, 6 मिलिमीटर जाड. रस्ता 1400 किलोमीटर. घनता मोजणारं यंत्र रस्त्यानं हादरवून मोकळं केलं, याला काव्यगत न्याय म्हणतात. सरकारनं गाड्यांना किरणशोधक लावले, ताशी 70 किलोमीटरनं फिरवले, आणि 1 फेब्रुवारीला कुपी रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर सापडली. ही गोष्ट मी पारावर सांगितली तेव्हा 1400 किलोमीटरचं कुणाला काही वाटलं नाही. सगळे एकाच गोष्टीवर अडले: त्या रस्त्यावरून ताशी 70 नं जाता येतं.

गॅमा किरणांना घाबरणाऱ्यांसाठी एक माहिती राखून ठेवली होती. आपला हापूस अमेरिकेला 2007 साली पुन्हा जाऊ लागला, तो गॅमा किरणांतून न्हाऊनच. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे केंद्र नाशिक जिल्ह्यात लासलगावला आहे. तिथे कोबाल्टच्या किरणांखालून आंब्याच्या पेट्या सरकतात, निदान 400 ग्रे इतकी मात्रा घेतात, आणि कोयीतला किडा अमेरिकेत उतरत नाही. आंबा स्वतः किरणोत्सारी होत नाही, चवीला हापूसच राहतो. माणसाला याचा शंभरावा भाग एकदम लागला तरी जिवावर बेततं. काकांना हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला.

"म्हणजे अणू चलता, कार्बाईड नाय चलत."

"कायद्यानं तसंच आहे."

"बरो कायदो आसा," ते म्हणाले, आणि गॅमा किरणांना त्या दिवसापासून गावात जामीन मिळाला.

पेटी आलीच, तर नारळ ठेवल्याशिवाय ती सुरू होणार नाही, हेही मी भाच्याला सांगून ठेवलं आहे. चार मिनिटांची सकाळची मोजणी लागते ना? तेवढ्या वेळात गाऱ्हाणं बसतं.

"बा देवी गजबादेवी, आज हय रस्त्याच्या कामाक तुझी लेकरां जमली आसत. ह्या पेटयेचो आकडो खरो येवंदे."

"व्हय म्हाराजा!"

"मातयेतलो हायड्रोजन पाण्यात धरलो जावंक नको."

"व्हय म्हाराजा!"

"आणि पावसात रस्तो व्हावान गेलोच, तर कंत्राटदाराच्या दाराफुडचो पयलो जावंदे."

"व्हय म्हाराजा!" हा शेवटचा होकार कुणकेश्वरापर्यंत ऐकू जाईल.

मग मोजणी होईल, आणि भाचा जाहीर करेल, "सत्त्याण्णव टक्के. पास."

तेव्हा गर्दीतून जो प्रश्न येणार आहे, त्याचं उत्तर ना ठोकळ्यांत आहे ना प्लांकच्या स्थिरांकात. "आणि उरलेले तीन टक्के कोणी खाल्ले?"

भाचा समजावेल, की ते तीन टक्के कुणी खात नाही. प्रयोगशाळेत जमतं तितकं उघड्या रस्त्यावर जमत नाही म्हणून तेवढी सूट असते, आणि रोलर जोरदार असेल तर 101 टक्केसुद्धा येतात. हे सांगितल्यावर तर त्याची उरलीसुरली पत जाईल. शंभरातले एकशे एक देणारी परीक्षा आमच्या मास्तरांनी आयुष्यात घेतलेली नाही.

माझा कौल पेटीच्या बाजूनं आहे. आपण रोज किती चुकतो हे सांगून मग बोलणारी दुसरी कुठलीही वस्तू रस्त्याच्या धंद्यात मला आढळलेली नाही. तेव्हा ज्यांच्या गावात रस्ता सुरू आहे, त्यांना एक विनंती. पिवळी पेटी दिसली तर चार हात लांब उभे राहा, पोरांना मागे घ्या, रोलरवाल्याला थांबायला सांगा. मग आकडा विचारण्याआधी कॅलिब्रेशनच्या दाखल्यावरची तारीख विचारा. ती बारा महिन्यांहून जुनी निघाली तर साहेबांना कोकम सरबत द्या आणि पेटीसकट परत पाठवा. आणि आंब्याच्या दिवसांत कार्बाईडचा डबा घेऊन कुणी आला, तर ओलावा भट्टीत काढायला सांगा.